समर्थ आणि ओमकारची आई

मसुऱ्याच्या अंगणवाडीत सेविका असलेल्या सत्यवतीचा एकुलता एक मुलगा समर्थ सात वर्षांपूर्वी मेंदूज्वराने तीन दिवसांत गेला. पाच वर्षांचा होता.

बारावं झालं, पाहुणे पांगले आणि सत्यवती व तिचा नवरा शिवा यांचं बोलणंच तुटलं. समर्थचं नाव निघालं की शिवा उठून काजूच्या बागेत जायचा. हा पोराला विसरला, असं सत्यवतीला वाटू लागलं. वर्षभर तिने सोसलं. मग शिरोड्याला माहेरी कायमचं जायचं ठरवलं आणि तेवढं सांगायला बागेत गेली.

शिवा कलमांखालचं गवत काढत एकटाच मोठ्याने बोलत होता. "समर्था, ह्या कलमाक औंदा पयलो मोहोर इलो, बग."

ती जागीच थबकली. "तेच्याशी बोलतास, मगे माझ्याशी कित्याक नाय?"

शिवाने कोयती खाली ठेवली. "तेचा नाव काढलंय तर तू रडतलंस."

"रडलंय तर काय झाला? दोघांय वांगडा रडाया."

त्या दुपारी दोघं झाडाखाली बसून पोटभर रडली. शिरोड्याला जायचं राहूनच गेलं.

शिवाला दुसरं मूल हवं होतं. ती म्हणाली, "गेलेल्याची जागा भरूक पोर नको. माका मनापासून वाटात, तेवा सांगतलंय." तो थांबला. नातेवाइकांच्या चौकशांना तोच तोंड देत राहिला. दोन वर्षांनी एका सकाळी भाकरी थापता थापता तिनेच विषय काढला.

मुलगा झाला. सासू हरखून म्हणाली, "माझो समर्थ परत इलो! ताच नाव ठेवा."

"नाय, आये," शिवा म्हणाला, "तो तो, ह्यो ह्यो." बाळाचं नाव ओमकार ठेवलं. मुलं किती, असं कुणी विचारलं की सत्यवती दोन सांगते.

भीती मात्र गेलेली नाही. गेल्या श्रावणात ओमकारला ताप आला, तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवरच थांबली. शिवाने एका हाताने पोराला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने तिला धरलं आणि तिघं आत गेली. साधा ताप निघाला. परतताना रिक्षात ओमकारने डोळे उघडले.

"आये, माका खाजा व्हया."

"तापात खाजा?" म्हणत सत्यवती हसली आणि शिवाने रिक्षा बाजारातल्या मिठाईच्या दुकानाकडे वळवायला सांगितली.