किटलीचा पोचा

धाकटी माझी सख्खी बहीण. पाठची, एकुलती एक, आणि कुणाला राग आला तर येऊ दे, पण तिच्यासारखा हात मी तरी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही. मी तिचा थोरला भाऊ. शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही, तेव्हा लिहिताना इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

आम्हा दोघांचं गॅरेज आहे. गाडी ठोकून आली की पोचे मी काढतो, रंग ती लावते. मी काढलेला पोचा हात फिरवून सापडत नाही आणि तिनं जुळवलेला रंग भर उन्हात ओळखू येत नाही. तिला खोड एकच. कुणी जुनी गाडी विकायला काढली आणि घेणारा बघायला आला, की ही रंगाच्या हातानं पुढे होऊन सांगणार, "हा दरवाजा परत रंगवलेला आहे हं." विकणारा दातओठ खातो.

"अगं, कुणाला कळलं असतं?" मी म्हणतो.

"कळलं नसतं म्हणून तर सांगायचं, दादा."

शटर खाली ओढलं की ती मागच्या खोलीत चित्रं काढत बसते. डोंगर नाहीत, सूर्य नाही, देखण्या बायका नाहीत. पान्ह्यांचा डबा, झिजलेला ब्रश, साबणाची वडी. ती वडी तर अशी, की बघूनच हात बुळबुळीत वाटावेत. पण सगळ्यांत भारी चित्र आमच्या चहाच्या किटलीचं. त्या किटलीच्या पोटाला मोठा पोचा होता. बाबांना एकदा हातोडी सापडेना, तर त्या बहाद्दरानं किटलीनंच भिंतीत खिळा ठोकला. पोच्याच्या मधोमध खिळ्याच्या डोक्याचा गोल ठसासुद्धा होता. धाकटीनं तो ठसा, त्यातली काजळी, सगळं उतरवलं.

ते चित्र मोठ्या हॉलमधल्या प्रदर्शनाला निवडलं गेलं. आता कुणाची बहीण? छाती अशी फुगली की बनियनची शिवण उसवायची बाकी राहिली. पण प्रदर्शनाच्या मॅडमना शंका आली. चित्र फार म्हणजे फारच हुबेहूब होतं. नियम असा, की वस्तू समोर ठेवून काढलेलं पाहिजे, फोटो छापून त्यावर रंग फिरवलेला नको. त्यांनी निरोप धाडला, येताना किटली घेऊन या, ताडून बघू, नाहीतर भिंतीवरची जागा दुसऱ्याला देऊ.

"दादा, किटली नीट बांधून ठेव," एवढंच सांगून धाकटी रंग आणायला गेली.

आता तुम्हीच सांगा. चारचौघांत न्यायची वस्तू, तीही माझ्या घरची, पोटात पोचा घेऊन कशी जाईल? लोक म्हणतील, भाऊ पोचे काढतो आणि घरची किटली बघा! माझे हात शिवशिवायला लागले. आतून लोखंडी ठोकळा धरला, वरून हलक्या हातानं ठोकत गेलो, पॉलिश मारलं. किटली अशी झाली, की तिच्यात बघून दाढी करावी. वर नव्या फडक्यात बांधली.

हॉलमध्ये मॅडमनी फडकं सोडलं. एकदा किटलीकडे बघितलं, एकदा चित्राकडे.

"हीच का ती?"

"हीच!" मी म्हणालो. "पोचा कुठे होता ते नुसतं बोट ठेवून दाखवा!"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दादा," एवढंच म्हणाली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

मॅडमना तिनं झालं ते सांगितलं. पण त्या तरी काय करणार? "अहो, चित्रात पोचा आहे, किटलीला नाही. मी ताडायचं कशाशी?"

चित्र भिंतीवरून उतरवायला माणूस स्टूल घेऊन आलासुद्धा. मी म्हटलं, थांब रे बाबा, जरा दम धर. एक हातोडी माझ्या पिशवीत कायम असते, खिळाही निघाला. किटली उचलली आणि मागच्या दारानं बाहेर गेलो. आत येऊन चित्र बघायचं, बाहेर जाऊन एक ठोका मारायचा, परत आत. जन्मभर पोचे काढले, घालायची वेळ पहिल्यांदाच आली. सांगतो तुम्हाला, काढण्यापेक्षा घालणं अवघड! पण घातला. ठसासुद्धा जागच्या जागी. बाहेर उभ्या गाडीच्या सायलेन्सरची काजळी बोटावर घेऊन वर चोळली.

मॅडमनी किटली चित्राशेजारी धरली आणि खुलल्या. "अगदी तीच की!"

"नाही मॅडम," धाकटी म्हणाली. "हा पोचा आत्ताचा आहे. दादानं घातलाय, माझं चित्र बघून."

मी तिची बाही ओढली. "गप्प बस ना गं! जुळलं ना?"

"जुळलं म्हणून तर सांगायचं."

स्टूलवाला परत पुढे सरकला. मॅडमनी पोच्यावरून बोट फिरवलं. "तुला फसवायचंच असतं, तर आत्ता तोंड उघडलं नसतंस," त्या म्हणाल्या आणि स्टूलवाल्याकडे वळल्या. "चित्र राहू दे."

"मग किटलीही ठेवा शेजारी," मी म्हणालो. "खाली लिहा, पोचा भावाचा."

"किटली घरी ने," मॅडम धाकटीला म्हणाल्या. "आणि ह्यांच्यापासून लांब ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं. बाहेर एक गाडी पुढचं मडगार्ड चेपून उभी, मालक घाईत. मी भिंतीवरच्या हातोडीला हात घातला तर खिळा रिकामा. बघतो तर हातोडी खिडकीखालच्या स्टुलावर, तिच्याभोवती खडूची रेघ, समोर नवा कॅनव्हास आणि धाकटी.

"चित्र होईपर्यंत हिला हात लावायचा नाही, दादा. पुसायचीही नाही."

"अहो, दुसरी हातोडी नाही का तुमच्याकडे?" मालक म्हणाला.

"आहेत की! पण ठोकाठोकीनं स्टूल हललं तर? बसा इथं. असं काम बघायला तिकीट काढूनही मिळायचं नाही."

त्याला खुर्ची दिली, चहा दिला, त्याच किटलीतला. हातोडीच्या दांड्यावर ग्रीसचा एक डाग होता, नुसतं फडकं फिरवलं की गेला असता. मी दोन्ही हात खिशात घातले.