हिरवीची शीळ

मामा दातांनी गाड्या ऐकतो. इंजिन चालू करायचं, शिसवी लाकडाच्या काडीचं एक टोक त्याला टेकवायचं, दुसरं दाढांत धरायचं आणि डोळे मिटायचे, ही त्याची रीत. नवीन गिऱ्हाईक हे बघून एक पाऊल मागे सरकतं. मग मामा काडी काढून सांगतो, "तिसऱ्या सिलिंडरची झडप नीट बसत नाहीये," आणि गिऱ्हाईक ते पाऊल परत पुढे टाकतं.

लहानपणी त्याचे कान वाहायचे. कुणी फारसं मनावर घेतलं नाही, आणि पडदे गेले ते गेलेच. आतली नस मात्र शाबूत आहे; हाडातून शिरलेला आवाज त्याला पोचतो. हा शोध त्याचा त्यालाच लागला. एकदा दोन्ही हात अडकले होते म्हणून स्क्रू-ड्रायव्हरची मूठ त्याने तोंडात धरली, टोक चालू इंजिनाला लागलं, आणि तो तसाच उभा राहिला. "त्या दिवशी हा माणूस जेवला नाही," मामी सांगते. "शेडमधली एकेक गाडी चावत हिंडत होता."

सगळे त्याला काडीवाला म्हणतात. मामी त्याच शेडमध्ये, खिडकीपाशी, जड शिलाई मशीनवर गाड्यांच्या गाद्या आणि कापडी टप शिवते. माणसांचं बोलणं मामा ओठांवरून वाचतो, त्यामुळे मामीने आपली एक सोय करून घेतली आहे. भांडायचं असलं की ती समोर येऊन भांडते. मायेचं काही बोलायचं असलं की पाठ फिरवून बोलते. मी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला जाते तेव्हा ते पाठमोरं बोलणं माझ्या कानावर पडतं. ज्याच्यासाठी ते असतं, त्याला ते तोवर कधीच मिळालेलं नव्हतं.

हिरवी आली ती ट्रकवर बांधून. इंग्लंडात बनलेली जुनी स्पोर्ट्‌स कार, दोनच माणसांची, इतकी बुटकी की तिच्यात बसायचं नाही, उतरायचं. गर्द हिरवा रंग, तारांची चाकं, टपाच्या चिंध्या. ट्रकमागोमाग चष्मेवाल्या बाई आल्या. त्यांच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. गेल्या वर्षी तो या गाडीतच गेला. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी, इंजिन चालू, घराकडे वळायचा दिवा लुकलुकतोय आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला, असा लोकांना सापडला. हृदय थांबलं होतं. इंजिन थांबलं नव्हतं.

"मुलीला हवी आहे ही," बाई मामासमोर उभ्या राहून, ओठ नीट हलवत म्हणाल्या. "नोकरी डोंगरापलीकडे लागलीय तिला. विकून टाकू म्हटलं तर ऐकत नाही, बापावर गेलीय. तेव्हा तुम्ही आता हिला माणसात आणा. ब्रेक, गिअर, दिवे, सगळं आजच्या काळाचं. ही चढावर कुठे बंद पडायला नको. मला ती एकच मुलगी आहे."

"बंद पडणार नाही," मामा म्हणाला. शब्द दिला की तो अंगठ्याने काडीचं टोक पुसतो. तसं त्याने पुसलं.

मग हिरवीने शेडचा मधला भाग अडवला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. दात घासणारा जुना गिअरबॉक्स उतरला, पाच गिअरचा नवा चढला. दोन्ही सीटना पट्टे लागले. बॅटरी भरणारा जुना डायनामो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवायच्या दिवशी मामाने मला मुद्दाम जवळ बोलावलं.

"हिचं सगळं उलटं बघ. बाकीच्या गाड्यांत बॅटरीचं उणं टोक सांगाड्याला जोडतात. हिच्यात अधिक. हे विसरून नवीन अल्टरनेटर जोडला तर नुसता धूर."

"माझ्यासारखी उलट्या डोक्याची आहे, असं सरळ म्हण ना," मामी समोर येऊन म्हणाली.

"मी नाही म्हटलं. तूच म्हटलंस."

ड्रायव्हरची गादी मामीने पार उसवली. आतला कुजका भराव फेकला, नवा फोम भरला, चामडं ताणून शिवलं. दुसऱ्या दिवशी त्या गादीत खळगा होता, कुणीतरी बराच वेळ बसून नुकतं उठल्यासारखा. "फोम भिकार दिसतोय," असं पुटपुटत मामीने ती पुन्हा उसवून आणखी दाबून भरली. परत खळगा. तिसऱ्यांदा तिने उसवली नाही. खळग्यावरून नुसता हात फिरवला आणि हात लगेच काढून घेतला. म्हणाली, "कोमट आहे." खिडकीतून ऊन येत होतं खरं, पण ते गाडीपर्यंत पोचत नव्हतं.

कार्बोरेटर मामाने शेवटी ठेवले होते. हिरवीला दोन आहेत आणि दोघांनी एकाच मापाने श्वास घ्यायला हवा. त्याने इंजिन चालू केलं, काडी पहिल्याला लावली, मग दुसऱ्याला. आणि दुसऱ्याला लावून तो तसाच वाकून राहिला. इंजिन तापलं, शेडमध्ये पेट्रोलचा उग्र वास भरला, तरी मामा हलेना. मी त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो झोपेतून उठल्यासारखा माझ्याकडे बघायला लागला.

"काय झालं?"

"दांडा झिजलाय आतला. बाजूने हवा ओढतेय."

"मग बदलायचा ना?"

"बदलू की. पळून चाललाय का?"

पण तो बदलेना. नवे दांडे आणि पितळी बुश येऊन पडले होते, पुडी फळीवर तशीच. मामा रोज सकाळी इंजिन चालू करायचा, काडी लावायचा आणि ऐकत बसायचा. त्या सुमारास तो शीळ घालायला लागला. आपल्या तोंडून काय बाहेर पडतंय याचा त्याला पत्ता नव्हता. मामी मशीन थांबवून उठली आणि तिने सरळ त्याच्या ओठांवर हात ठेवला.

"हे काय नवीन?"

"काय?"

"शीळ! या वयात! आणि घालायचीच तर पुरी तरी घाल. तीन सूर वर चढतोस आणि चौथ्याला गप्प. जिना चढून शेवटच्या पायरीला पाय अधांतरी. माझा धागा तुटतो रे दर वेळी."

मामाने स्वतःच्या ओठांना हात लावून पाहिलं. ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसा. मग हिरवीकडे बोट केलं. "तिच्यात वाजते. काडीतून येते. तीन सूर. मग थांबते, जशी काही कुणाची वाट बघते."

"हवा घुसली की शीळ वाजणारच," मी म्हणाले. "पण हवेला चाल कुठून येणार, मामा?"

"ते मला नको विचारू. मी जन्मात गाणं म्हणून काही ऐकलेलं नाही. हे पहिलंच."

"वा!" मामी म्हणाली. "बायकोचा आवाज कधी ऐकला नाही, आणि मेलेल्या माणसाच्या गाडीची शीळ बरी ऐकू येते!" एवढं समोर. मग ती वळली, मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि खिडकीला म्हणाली, "मीही गायचे रे कधीकाळी."

मी मामाला गाठून विचारलं, दांडा तसाच राहिला तर काय होईल. तो खोटं बोलला नाही. हवा जास्त, पेट्रोल कमी. लांबचा चढ लागला की झडप जळेल, गाडी भर रस्त्यात मान टाकेल. मागून ट्रक असेल नसेल. "मग? शब्द दिलायस तू," मी म्हणाले. मामाने डोळे मिटून घेतले. बोलणं संपवायचं झालं की त्याला एवढंच करावं लागतं.

चष्मेवाल्या बाई गाडी बघायला आल्या तेव्हा मामा पाठमोरा होता. त्या फाटक उघडून आत येत होत्या आणि मामा शीळ घालत होता. एक, दोन, तीन. बाईंचा हात फाटकाच्या कडीवरच राहिला.

"ही तुम्हाला कुणी शिकवली?"

मामाला ते कळणं शक्य नव्हतं. मामीनेच खरं काय ते सांगितलं. बाई तिच्या स्टुलावर बसल्या.

"दुकान बंद करून आले की फाटकातून शीळ घालायचे," त्या म्हणाल्या. "तीन सूर. चौथा मी स्वयंपाकघरातून द्यायचा, मग यायचे आत. मी रुसलेली असले की द्यायची नाही. उभे राहायचे मग बाहेरच, वेड्यासारखे." मग हिरवीकडे बघत त्या म्हणाल्या, "त्या दिवशीही आमचं वाजलं होतं. कोपऱ्यावरून शीळ आली, ऐकली मी. नाही दिला."

मामा एव्हाना वळला होता; हे सगळं त्याने त्यांच्या ओठांवरून वाचलं. त्याने काडी स्वच्छ फडक्याने पुसली आणि त्यांच्यापुढे धरली. बाई उठल्या, वाकल्या, काडी दातांत धरली. इंजिन मंद चालत होतं. त्यांचा गळा एकदा हलला, आणि मग त्यांनी काडी इतक्या जोरात चावली की लाकूड करकरलं. पदराने ओठ टिपून त्यांनी काडी परत दिली.

"दिला नाहीत?" मामीने हळूच विचारलं.

"दिला की ते आत येतात," बाई म्हणाल्या. "आता कोणत्या तोंडाने म्हणू, या?" मग मामासमोर जाऊन, ओठ नीट हलवत त्या म्हणाल्या, "काढून टाका ते. पोरगी बसणार आहे तिच्यात."

मामाने दांडे बदलले. इंजिन चालू करून त्याने काडी एकेका कार्बोरेटरला लावली. "सारखे झाले," म्हणाला. घराला कुलूप लावून माणूस बाहेर येतो तसा त्याचा चेहरा होता.

मुलगी सकाळी येऊन हिरवी घेऊन गेली. नवा टप, नवे दिवे, आणि गादीवर सुरकुती नव्हती. वळताना तिने जोरात हॉर्न दिला. मामाने मान वर केली नाही. त्याला कळलंच नाही.

शेडचा मधला भाग रिकामा झाला. मामाची शीळही थांबली. झिजलेले दांडे पत्र्याच्या तबकात पडले होते. दुपारी मी पाहिलं तर मामा त्यांना काडी लावून बसला होता. थंड लोखंड. त्यात काय असणार.

मामीने मशीनवरचं कापड बाजूला सारलं. ती त्याच्यापाशी गेली, काडी त्याच्या हातातून काढून घेतली, काळं टोक स्वतःच्या गळ्याच्या हाडावर टेकवलं आणि दातांच्या खुणांचं टोक त्याच्या तोंडासमोर धरलं.

"चाव," ती म्हणाली.

मग तिने मान खिडकीकडे वळवली, ओठ दिसू नयेत म्हणून. "इतकी वर्षं भिंतींशी बोलतेय," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहेस. तू जेवल्याशिवाय मला घास जात नाही, हे तुला कधी कळायचं रे?"

मामाचे डोळे उघडले. काडी सोडायला त्याला बराच वेळ लागला.

"असा आहे होय आवाज तुझा?"

"कसा?"

"खरखरीत. हिरवीच्या जुन्या पहिल्या गिअरसारखा."

मामीने त्याला चापट मारली. तो हसला, ती हसली, मी हसले. मामा काडी फळीवर ठेवायला वळला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. आणि त्या खुशीत, नकळत, त्याच्या ओठांतून निघून गेलं. एक, दोन, तीन.

मामी कापडाची घडी घालत होती. इतके दिवस तो अधांतरी पाय तिने सोसला होता, उरलेला सूर दातांमागे दाबून धरला होता. आता हसता हसता तिच्या गळ्यातून चौथा सूर सुटला. अगदी बरोबर बसला.

तिचा हात तोंडावर गेला. कापड खाली पडलं.

बाहेर भरदुपार होती, खिडकीतून रस्ता दिसत होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. फाटकाची कडी वाजली. मी मान वळवायच्या आत मामाने वळवली होती. मघाच्या हॉर्नला न वळलेली मान. त्याने फडक्याला हात पुसले, दारापाशी गेला आणि एका बाजूला सरकून उभा राहिला, आत येणाऱ्याला वाट करून द्यावी तसा.