ठमाबाईच्या चुलीचा धूर

लिव रे बाळा. माझ्या सासूचं लिव, ठमाबाईचं. तुझी पणजी ती. फोटू नाय तिचा, म्हणून लिव.

वैशाखात वाडीतली माणसं सकाळी तिच्या दारात यायची. राब भाजायचा असायचा ना. वाफ्यावर शेण, पालापाचोळा रचून जाळायचा, मग त्या राखेत भात पेरायचं. पण रचलेल्या राबावर वळीव पडला तर तो पेटत नाय, आन रोप धड येत नाय. वळीव यायचा आंबेनळी घाटाच्या अंगानं, अचानक. सासू ढग बघायची नाय, चुलीचा धूर बघायची. सरळ वर गेला तर उघाड. पेंढ्याच्या छपराखाली लोळला तर म्हणायची, उद्या येतो, आजच भाजून घ्या. शेजारचा गोमाजी चिडवायचा, "वैनी, भाकर करपल्याचा धूर काय सांगतो गो?" ती म्हणायची, तुझ्या घरी रोज असतो, तूच सांग.

एका साली वैशाखात माझा धाकटा दीर मोरू मुंबैवरनं ताप घेऊन आला. दासगावला बोटीतनं उतरवला, डोलीत घालून घरी आणला. चार दिस पडून व्हता, मग एका सकाळी गेला. मयताच्या घरात चूल पेटत नाय. तुझा आजोबा नि भाऊकी त्याला ओढ्यापल्याड घेऊन गेली. सासू उंबऱ्याशी बसली. रडली नाय. मी पाणी दिलं, तर तांब्या नुसता धरून ठेवला.

गोमाजी पायानं अधू, म्हणून मागं राहिलेला. अंगणाच्या कडंला येऊन उभा राहिला. मग खाली बघत म्हणाला, "वैनी, आज विचारू नये. पण वाडीचे राब रचलेले हायत."

तिनं चुलीकडं बघितलं. गार राख. मग ओढ्यापल्याड बघितलं. मोरूचा धूर निघाला व्हता. वर जात नव्हता, झाडांखालनं पाण्यावर पसरत व्हता. रोज चुलीकडं बघायची तशीच ती बघत राहिली.

"बसलाय," ती म्हणाली. "उद्यावर ठेवू नका."

दुपारीच बाकीच्यांनी राब भाजले. आम्हाला सुतक, आमचा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी वळीव आला, गारा घेऊन. मी म्हटलं, आत्याबाय, आपला राब गेला. ती ओढ्याकडं बघत म्हणाली, "मोरूची राख सावडायची व्हती गो उद्या. आता काय उरली नसंल."

लावणीला गोमाजीच्या बायकोनं आपली रोपं आमच्या बांधावर आणून ठेवली. सासूनं ती लावली.

पुढं बी माणसं विचारायला यायची, ती सांगायची. पण चुलीकडं बघायची नाय. ओढ्यापल्याड बघायची. तिकडं धूर नसायचा. तरी बघायची, मग सांगायची.