उशीवरचा खळगा

हाउसकीपिंगच्या तासाला मॅडम सांगतात, "आधी इथे कोणी झोपलं होतं, हे पुढच्या पाहुण्याला कळता कामा नये." मग आम्ही चादर ताणतो, कोपरे दुमडतो, उशीवरचा खळगा थोपटून बुजवतो. माणूस किती सहज पुसता येतो, असं तेव्हा नुसतंच मनात येऊन जायचं.

आईचं दिवसकार्य उरकल्यावर आत्या म्हणाली, "अगं, तू तर हेच शिकतेस. वहिनीचा पलंग तूच आवर बघू." मला मोठ्यांना नाही म्हणता येत नाही. उशीपाशी क्षणभर थांबले, पण आत्या बघत होती. हात आपोआप चालले. एकही सुरकुती उरली नाही.

बाबा दाराशी आले. "अगदी हॉटेलसारखं केलंस गं," एवढंच म्हणाले आणि बाहेर सोफ्यावर जाऊन आडवे झाले.