एकीच्या जागी दुसरी

आक्का माझ्याआधी थोडा वेळ जन्मली, म्हणून ती आक्का. एरवी आमच्यात फरक नव्हता. नाक तेच, कपाळ तेच, हसताना डाव्या गालावर पडणारी खळीही तीच. बेळगावजवळच्या कंग्राळीत आमच्या गल्लीतली माणसं आमची नावं घ्यायच्या भानगडीत पडत नसत. "जुळ्यातली एक आलीया," एवढंच म्हणायची.

मॅट्रिकला ती गणितात गेली आणि मी पास झाले. तेवढ्यावरून आमच्या वाटा फुटल्या. आप्पांनी तिच्यासाठी स्थळ बघितलं आणि मला कॉलेजात घातलं. निपाणीहून माणसं बघायला आली तेव्हा पोह्यांच्या बशा घेऊन आम्ही दोघी बाहेर आलो. पाहुण्यांनी गोंधळून विचारलं, "ह्यातली नवरी कुठली?" आप्पा म्हणाले, "कुठलीबी धरा, दोघी एकच हाईत." सगळे हसले. मीही हसले. आक्का तेवढी हसली नाही, हे माझ्या लक्षात आहे.

तिचं लग्न झालं. दाजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून होते. शांत, कमी बोलणारे. मी रोज बसने बेळगावला कॉलेजला जायची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्राणिशास्त्राच्या सरांनी एक दिवस फळ्यावर बेडकाचं अंडं काढलं. त्यातलं केंद्रक काढून टाकतात आणि तिथं दुसऱ्या बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घालतात. मग त्या अंड्यातून वाढणारा बेडूक त्या दुसऱ्या बेडकाची हुबेहूब नक्कल असतो, असं ते सांगत होते. "ह्याला क्लोन म्हणतात. आज बेडकात झालंय, उद्या गाईत होईल. माणसात होणारच नाही, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही."

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे मेलेला माणूस परत आणता येईल?"

"माणूस नाही येणार. चेहरा येईल," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मला जुळी बहीण आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला उभं केलं. "हे बघा. निसर्गानं फुकट करून दिलेलं उदाहरण." वर्ग हसला. आक्काला पुढच्या भेटीत हे सांगायचं, असं मी ठरवलं. ती तेव्हा पोटुशी होती.

सांगणं झालंच नाही. आक्काला मुलगी झाली, मागोमाग ताप आला, आणि तो ताप उतरलाच नाही. आम्हाला निरोप मिळाला तोवर सगळं आटोपत आलं होतं. निपाणीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा हवेत तंबाखूचा नाकात झोंबणारा खाट होता. आईला शिंकांवर शिंका येत होत्या आणि त्यातच ती रडत होती. घरासमोर बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि किंकाळी फोडली. दुसरी उठून भिंतीला चिकटली. आक्काच्या सासूबाई दारात होत्या, त्या जागीच खाली बसल्या. आत आक्काला निजवलं होतं, आणि दारात मी उभी होते.

मी आत गेले. तिचा चेहरा बघितला. मी मेल्यावर कशी दिसेन हे मला कळलं. बहिणीच्या प्रेतापाशी बसून मला आधी रडू आलं नाही, आधी भीती वाटली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेराव्यापर्यंत आई आणि मी तिथंच राहिलो. बाळ रात्रंदिवस रडायचं. वरचं दूध पाजलं तरी थांबायचं नाही. कुणीतरी म्हणालं, हिच्याकडे द्या. मी घेतलं, आणि ते गप्प झालं. माझ्याकडे टक लावून बघत राहिलं आणि माझ्या छातीशी तोंड नेऊन शोधायला लागलं. भोवतीच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "बघा, आईला वळखलं लेकरानं." बाळ फेकून पळत सुटावं असं वाटलं, आणि मी त्याला आणखी घट्ट धरलं.

त्यानंतर मावशी, म्हणजे आक्काच्या सासूबाई, माझ्याशी फार मायेनं वागू लागल्या. आक्काची निळी साडी आणून म्हणाल्या, "ही नेस गं. लेकराला वास वळखीचा वाटंल." मी नेसले. मग बांगड्या आल्या. एकदा त्यांनी मला आक्काच्याच नावानं हाक मारली आणि मी "ओ" दिली. शेजारची म्हातारी तुळशीपाशी उभी राहून सरळ म्हणाली, "देवानं एक न्हेली, पर तशीच एक ठिवली. लई दया केली." माझ्या मनात आलं, ट्रकला मागं स्टेपनी बांधलेली असते तशी मी जन्मापासून बांधलेली होते की काय?

एका दुपारी मागच्या दारी मी बाळाची दुपटी पिळत होते. दाजी वखारीतून लवकर आले. पावलं वाजली, मी मान वळवायच्या आत ते अगदी सहज म्हणाले, "च्या टाक गं, डोकं धरलंय." मी वळले. त्यांच्या तोंडावर हसू होतं. खरं, मोकळं हसू. मग ते हसू तिथंच विझलं. त्यांनी दाराची चौकट धरली. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. दोघंही घाबरलेलो होतो.

तेराव्याच्या संध्याकाळी आप्पा, मावशी आणि चार वडीलधारी माणसं सोप्यात बसली. मी आतून ऐकत होते. पोरीला सावत्र आई नको, घरात परकी बाई नको, धाकटीलाच इथं द्यावी, दोन्ही घरांची सोय होईल, असं बोलणं चाललं होतं. कॉलेज? ते कशाला आता. "लोकांस्नी कळायचं सुदीक न्हाय," एक पाहुणे म्हणाले. आईनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. नाही म्हणावं तर मांडीवर ते बाळ. हो म्हणावं तर मी कुठं जाणार होते? कंग्राळीतली, कॉलेजातली, बसच्या खिडकीत बसणारी मी?

सकाळी दाजी परसात बंबात लाकडं घालत होते. मी धीर करून गेले. "दाजी, तुम्हाला काय वाटतंय?"

त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग म्हणाले, "भ्या वाटतंय."

"माझं?"

"तू दिसलीस की बरं वाटतं. त्याचंच भ्या वाटतंय. उद्या तू काय तरी तुझ्या मनाचं बोलशील, आणि मला राग येईल, की ती असं बोलली नसती. तुला जलमभर तिच्यासारखं वागायला लावीन मी. आणि ती? तिला तर मी विसरूनच जाईन गं. समोर दिसत असल्यावर कशाला आठवंल?"

त्यांनी सोप्यात जाऊन नाही म्हणून सांगितलं. मावशींनी कपाळ बडवून घेतलं. आप्पांना तो अपमान वाटला. ते कितीतरी महिने दाजींशी बोलले नाहीत. मी निळी साडी घडी करून ठेवली, माझं पातळ नेसले आणि बाळाला घेऊन आम्ही बसमध्ये बसलो. पोर आमच्याकडे वाढली. दाजींनी पुढं चिकोडीकडच्या मुलीशी लग्न केलं. ती बाई भली निघाली. स्वतः येऊन पोरीला घेऊन गेली.

मी पदवी घेतली, बेळगावात टिळकवाडीतल्या एका शाळेत लागले. वर्तमानपत्रात परदेशातल्या बातम्या यायला लागल्या, गाईचा गर्भ फोडून एकाची दोन सारखी वासरं केली म्हणून. मुलं उत्साहानं विचारायची, "बाई, माणसाचं पण होईल?" मी यंत्रासारखी पेशी, केंद्रक समजावून सांगायची आणि घाईनं फळा पुसायची. त्या वासरांचं मला काही वाटत नव्हतं. पण कुणाच्या तरी गेलेल्या माणसाच्या जागी बसवायला म्हणून एखादं पोर मुद्दाम जन्माला घातलं, तर त्याच्या घरातल्या त्या मायाळू नजरा मला डोळ्यांसमोर दिसायच्या. त्याला साडी नेसवणारे, त्याला दुसऱ्याच्या नावानं हाक मारणारे. त्याच्यासाठी नाही म्हणणारं कुणी असेल का?

भाची सुट्टीला माझ्याकडे यायची. आठ-नऊ वर्षांची झाली तेव्हा एकदा माझी वेणी सोडता सोडता म्हणाली, "मावशी, माझी आई तुझ्यागतच दिसायची न्हवं? मग तुला बघितलं की झालं."

"न्हाय बाळ," मी म्हणाले. "ती मांजराला भ्यायची. आंबट खाताना एक डोळा मिटायची. गाणं म्हणायला लागली की सूर सोडून भलतीकडंच जायची, आणि तरी म्हणायची."

"आणि आवाज?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि आक्काचा आवाज मला आठवेना. जो येत होता तो माझाच होता. पोर वेणी हातात धरून वाट बघत होती. "थांब," मी म्हणाले, "आठवते." ती थांबली. मी अजून आठवतेच आहे.