आप्पांचा आफ्रिका अभ्यास दौरा

दोष आप्पांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला न्यायाधीश व्हायला नको.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. तासगावात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. द्राक्षाची औषधं, खतं आणि बाहेर फुकट बसायला एक लांब बाक. इंजिनिअरिंग मी तिसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हापासून काउंटरच्या आत मी आणि बाहेर बाकावर म्हातारे, अशी वाटणी झालीय. अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत. मुदत संपलेल्या बाटल्यांसारखे मागच्या फळीवर आपोआप साठत जातात, आणि कंपनी परत घेत नाही! ज्या वर्षी या बाकानं आफ्रिकेला जायचं ठरवलं, त्या वर्षाचा माल जरा जास्तच आहे.

दौरा दक्षिण आफ्रिकेचा. आधी जंगल सफारी, मग वाईनच्या बागा, शेवटी समुद्र. जाणारे द्राक्ष बागायतदारांच्या गटातले बरेच होते, पण बोलणारे तिघंच. एक आप्पा, गटाचे अध्यक्ष. दुसरे विलास सर, आमच्या हायस्कूलचे रिटायर हेडमास्तर. गळ्यात माळ, घरची बाग. तिसरे बिरूअण्णा, जतकडचे. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेलं घर, आता बागही आहे आणि मेंढरंही.

नियोजन माझ्याकडं. का, तर मला इंग्रजी येतं आणि मला काही काम नाही, असं बाकाचं एकमत. पण सांगलीच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या मॅडमनी मला वेगळं सांगितलं होतं. "हा ग्रुप टूर मॅनेजर म्हणून तूच नेऊन आण. नीट पार पडलं तर आमच्याकडं कायम ये. शेतकऱ्यांचे सगळे दौरे तुझ्याकडं देते."

मला ते दुकान सोडायचं होतं. म्हणून मी सगळं ऐकून घेतलं. एरवी घेत नाही.

*

पहिल्या मीटिंगला आप्पांनी माहितीपत्रक डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचलं.

"शिंव्ह हाय, वाईन हाय, समुद्र हाय. ह्यात अभ्यास कुठाय रं?"

"अभ्यास नाही आप्पा. सहल आहे ही."

"सहलीला पोरं जात्यात. आमी अभ्यास दौऱ्याला जातो."

"वाईनच्या बागा बघायच्या आहेत की."

"मग झाला की अभ्यास!"

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'परदेश अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा', खाली समस्त भाचे मंडळींचे फोटो आणि मध्ये आप्पा, गॉगल लावून, वाघाच्या शेजारी. तोवर आप्पांचा पासपोर्टही निघाला नव्हता.

मी म्हटलं, "आप्पा, आफ्रिकेत वाघ नसतो."

आप्पांनी दोन पावलं मागं सरून फ्लेक्स नीट बघितला. मग म्हणाले, "मग ठेवलंय काय तितं?"

आठवडाभर लोक दुकानात येऊन त्यांचा हात हातात घेत होते. "कवा आलासा? कसं काय झालं?" आप्पा सगळ्यांना सांगत होते, "लय भारी!"

*

तारीख ठरवायला बसलो. मी कॅलेंडर काढलं.

फेब्रुवारी-मार्चला बागेचा माल निघतो. एप्रिलला छाटणी. मे महिन्यात लग्नं. जूनला पाऊस लागतो, बागेवर रोग येतो. आषाढात घराघरात मटण असतं, ते सोडून कोण जातंय? श्रावणात खायचं नसतं, मग जाऊन उपयोग काय? पुढं गणपती. पितृपक्षात शुभ काम नको. ऑक्टोबरला दुसरी छाटणी. दिवाळीला लेकी येतात.

"अधिक महिना चालेल का?" मी चिडून म्हटलं.

सरांनी मनावर घेतलं. "अधिकात जावयाला वाण द्यावं लागतं. घरी असायला पाहिजे."

शेवटी बिरूअण्णांनी तिढा सोडवला. "आखाडातच जाऊ. बोकड काय आफ्रिकेत मिळत न्हाई व्हय?"

जुलै ठरला. एका बोकडावर.

*

सफारीचे नियम मी वाचून दाखवत होतो. जीपमधून उतरायचं नाही. हात बाहेर काढायचा नाही. ओरडायचं नाही.

बिरूअण्णा मध्येच म्हणाले, "आन् लांडगा आला तर?"

"तरी ओरडायचं नाही."

"दगूड?"

"दगड तर अजिबात नाही."

"कुत्री असत्यात का संगं?"

"नाही अण्णा."

अण्णा अस्वस्थ झाले. तंबाखू मळायची थांबली. "मग राखायचं कसं रं?"

"कुणाला राखायचं?"

"आता तितं जी काय हरणं-बिरणं असतील ती!"

मी समजावलं, की सिंह हरीण धरतो तेच बघायला लोक जगभरातून येतात. त्यासाठी पहाटे उठतात, दुर्बिणी आणतात. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही हे सगळं मीच सुरू केलंय.

"आमचं एक कोकरू न्हेलं लांडग्यानं, तर आमचा बा दोन दिस जेवला न्हवता," ते म्हणाले. "आन् ही बघायला जात्यात!"

मग थोड्या वेळानं, हळूच: "जवळनं दिसतो का पर?"

*

विलास सरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं, "वाईनच्या कारखान्यात मी आत येणार नाही. बाहेर झाडाखाली बसेन. मी माळकरी माणूस आहे."

बाकानं माना डोलावल्या. केवढा तो निग्रह! शाळेत याच सरांनी माझ्या खिशात गुटख्याची रिकामी पुडी सापडली म्हणून प्रार्थनेच्या वेळी मला स्टेजवर उभं केलं होतं. पुडी माझी नव्हती; कुणाची, हे त्यांनी कधी विचारलंही नाही.

संध्याकाळी सर एकटेच दुकानात आले. बुरशीनाशकाची एक पुडी उलटीसुलटी करत म्हणाले, "सुशांत, वाईनची चव बघून थुंकतात म्हणे तिथं? त्यासाठी भांडंसुद्धा ठेवलेलं असतं?"

"असतं सर."

"म्हणजे पोटात काही जात नाही."

"थुंकली तर नाही जात."

"मग माळेला काही बाधा येत नाही," सर म्हणाले. शाळेत मुद्दा पटवून झाल्यावर खडू ठेवायचे, तशी त्यांनी पुडी खाली ठेवली.

"पण सर, चुकून गिळली तर?"

सर दारापर्यंत गेले होते. तिथूनच म्हणाले, "पुन्हा घेऊन थुंकायची!"

*

आता बागांचं ऐका. आमच्याकडं द्राक्षाचा वेल बारा महिने हिरवा. वर्षातून दोनदा छाटायचा, की लगेच फुटतो. वेलाला पानगळ असते हे बाकाला माहीतच नाही. आणि यांनी निवडला जुलै! तिकडं तेव्हा कडक थंडी. वेलावर पान नसतं, नुसती लाकडं.

मी मीटिंगमध्ये सांगितलं, "जुलैत गेलो तर बागा वाळलेल्या दिसतील. तिकडं तेव्हा हिवाळा असतो."

विलास सर हसले. आयुष्यभर त्यांनी भूगोल शिकवला.

"जुलैत हिवाळा?"

"दक्षिण गोलार्ध आहे सर. तुम्हीच शिकवलंय."

"गोलार्धाचं मला सांगू नकोस. ते पुस्तकात. प्रत्यक्ष जुलैत थंडी कशी असेल?"

मी मोबाईल काढला. तिकडच्या एका बागेचे जुलैतले फोटो दाखवले. रांगाच्या रांगा, काळ्या काटक्या, तारा, लांब डोंगरावर बर्फ.

आप्पांनी फोटो मोठा करून बघितला. चेहरा गंभीर झाला. "ही बाग म्येलीय. दुसरी दाखीव."

दुसरी दाखवली.

"हीबी म्येलीय."

तिसरी दाखवली. आप्पांनी मोबाईल खाली ठेवला. मयताला जाऊन आल्यावर बसतात तसे बसले. "आरारारा. समद्या गावाच्याच गेल्या की रं."

"मेल्या नाहीत आप्पा. झोपल्यात. थंडीत वेल झोपतो आणि उन्हाळा आला की आपोआप उठतो."

"वेल झोपतो?"

"होय."

"किती दिस?"

"तीन-चार महिने."

आप्पा ताडकन उभे राहिले. आमच्याकडं छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांवर एक पेस्ट लावतात, की आठवड्या-दोन आठवड्यांत वेल फुटतो. आप्पा ती पेस्ट विकतात.

"चार-चार म्हयनं झोपू देत्यात? पेस्ट लावत न्हाईत व्हय ती मानसं? बिचाऱ्यांना कुनी सांगितलंच न्हाई!" मग माझ्याकडं वळून, "चार डबं ब्यागंत टाक रं. फुकट दिऊ. पुढच्या सालाला तीच फोन करत्यात बघ!"

औषधाचे डबे विमानात नेता येत नाहीत, हे पटवण्यात एक अख्खा आठवडा गेला. पटलं नाहीच. ते त्यांनी विमानवाल्यांच्या मत्सरावर घातलं.

*

काकूंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, कुणी ये म्हटलं नव्हतं. दौरा गटाचा आणि गटात बाया नाहीत. बागेत आहेत. घडातले मणी विरळ करायला, घड औषधात बुडवायला, बेदाण्याचं शेड झाडायला. गटात नाहीत.

काकूंनी समुद्र कधी बघितलेला नाही. तासगावपासून कोकण असं कितीसं लांब! माझ्या हातात चहा देताना त्यांनी विचारलं, "तितं समुद्र हाय म्हनं?"

"दोन आहेत. दोन्ही जवळजवळ."

त्या आत गेल्या आणि नारळ घेऊन आल्या. हळद-कुंकू लावलेला, शेंडी नीट. "माझ्या नावानं सोडा."

"काकू, नारळ नेऊन देत नाहीत विमानात."

"मग तितं घ्या इकत."

"तिथं मिळेल का माहीत नाही. तिकडं किनाऱ्यावर पेंग्विन असतात."

काकूंनी नारळ परत घेतला. "ज्याच्या काठाला नारळ न्हाई, त्यो समुद्र कसला? तळं असंल!"

आप्पा सोप्यातून ओरडले, "काय म्हनतीया रं ती?"

"काही नाही," मी म्हटलं.

काकूंनी 'मला न्या' असं म्हटलं नव्हतं. नारळ न्या म्हटलं होतं.

*

शेवटी व्हिसा. माझ्या अर्जाचीच काळजी होती. तरुण, लग्न नाही, डिग्री नाही, नावावर जमीन नाही. असा पोरगा तिकडं गेला तर परत कशाला येईल, असं वकिलातीला वाटतं. मॅडमनी बजावलं होतं, "तू नोकरी करतोस आणि परत येणार आहेस, एवढंच त्यांना पटलं पाहिजे." म्हणून अर्जात मी खरं तेच लिहिलं: आप्पांच्या दुकानात कामाला आहे. दुकानाचा फोन नंबर दिला. चौकशीचा फोन येईल, हे आप्पांना तीनदा सांगितलं. काय सांगायचं तेही सांगितलं. आप्पा म्हणाले, "आता मला बोलायला शिकीव!"

फोन दुपारी आला. दुकानात गर्दी होती. मी शिडीवर, वरच्या फळीवरून खोकी काढत होतो. आप्पांनी उचलला. पलीकडं बाई हिंदीत बोलत होती, हे आप्पांनी हिंदी सुरू केल्यावर कळलं.

"हां, बोलो मॅडम, मैं मालक बोलता."

मग: "नौकर? छे छे! नौकर नहीं है वो. घर का लडका है. सगे भाई का."

मी शिडीवरून हात हलवला.

"पगार? घर के लडके को काय का पगार, मॅडम? खाता है, पीता है, रहता है."

मी दोन्ही हात हलवले. शिडी हलली. आप्पांनी माझ्याकडं बघून तळवा दाखवला आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "थांब की! तुझंच चाललंय न्हवं!"

बाकावर विलास सर कौतुकानं मान हलवत होते.

"कॉलेज? छोड दिया. ...नहीं नहीं, नापास नहीं. दिमाग बहुत है, टिकता नहीं एक जगह."

अर्धं ओढलेलं खोकं मी तसंच सोडलं. ते एका गिऱ्हाइकाच्या पायावर पडलं.

"लगन? किधर का लगन! लडकी कौन देगा?"

मी खाली उतरलो, तर मध्ये चार माणसं आणि खताची पोती. पलीकडून बाईनं काहीतरी लांबलचक विचारलं. आप्पांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. साहेबाशी, आमदाराशी बोलताना होतो तसा.

"वापस आके क्या करेगा मॅडम? इधर क्या रखा है? आप लोग का उधर कुछ जमता होगा तो देखो ना. छोटीमोटी नौकरी, कुछ भी चलेगी. लडका हुशार है. आप के हाथ में है."

मी पोत्यांवरून पोचलो तोवर फोन ठेवलेला होता. आप्पांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. आमच्या कुळात आजवर कुणाचं एवढं काम कुणी केलं नसेल, असा चेहरा होता.

"झालं तुझं काम!" ते म्हणाले. "लय चांगली बाई हुती. समदं लिहून घेतलं तिनं."

गटातल्या सगळ्यांचे व्हिसा आले, माझा आला नाही. एजन्सीच्या मॅडमनी ग्रुपबरोबर दुसऱ्या पोराला पाठवलं, आणि ती नोकरी आता त्याच्याकडं आहे.