बाबांच्या वाट्याचा पाचवा उद्गार

आमच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना भर दुपारी बारा ते तीन असते. येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार सात जणांना वाटून देतात आणि प्रत्येकाने आपापल्या उद्गारावर चिंतन सांगायचं असतं. बाहेरच्या माणसाला हे फार पवित्र वाटेल. आतल्याला माहीत असतं की या वाटपावरून वर्षभर एकमेकांशी न बोलणारी घरं आमच्या मंडळीत आहेत.

पहिला उद्गार क्षमेचा, तो पाळकसाहेबांचा. त्याला कोणी हात लावत नाही. आईला शिष्याच्या हाती सोपवण्याचा तिसरा महिला मंडळाच्या अध्यक्षबाई घेतात, आणि त्या बोलत असताना त्यांच्या सासूबाई मागच्या बाकावरून डोळे वटारून बसलेल्या असतात. चौथा, देवाने मला का सोडलं हा, एका निवृत्त साहेबांना मिळतो. त्यांची दोन्ही मुलं कॅनडात आहेत. ते दरवर्षी रडतात आणि दरवर्षी त्याच वाक्याला रडतात. सहावा, सगळं पूर्ण झाल्याचा, एका बिल्डरभाऊंनी धरून ठेवलाय. त्यांची कळमेश्वर रोडवरची फ्लॅटची स्कीम मी शाळेत होते तेव्हापासून अर्धवट उभी आहे, पण त्या दिवशी ते असे काही बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, संध्याकाळी किल्ल्या मिळणार.

राहतो तो पाचवा. ‘मला तहान लागली आहे.’ हा कोणालाच नको असतो. तहान लागली म्हणजे लागली, त्यावर माणूस किती बोलणार? म्हणून तो नवीन बदली होऊन आलेल्या एखाद्या बिचाऱ्याच्या गळ्यात मारतात. त्या वर्षी मात्र बाबांनी तो स्वतःहून मागून घेतला.

बाबा मिशनच्या शाळेत ड्रिल मास्तर होते. त्यांचा आवाज अजून दोन गल्ल्या ओलांडतो. पण दोन्ही किडन्यांनी काम सोडलं होतं आणि आठवड्यातून तीनदा मी त्यांना स्कूटरवरून डायलिसिसला नेत होते. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं होतं. आई रोज सकाळी एक बाटली भरून फ्रिजवर ठेवायची. दिवसभराचं पाणी, चहा, गोळ्या, सगळं त्यातूनच. नागपूरच्या उन्हाळ्यात ती बाटली बघून मलाच घशाला कोरड पडायची.

वडीलमंडळींची, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांची, बैठक घाबरली. एक वडील घरी येऊन म्हणाले, “मास्तर, तुम्ही दुसरा घ्या ना. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला स्वर्गाचं वचन. सोपा आहे.”

“चोराचं मले काय ठाऊक?” बाबा म्हणाले. “तहानेवर या मंडळीत सध्या माझ्याइतका जाणकार कोण आहे, सांगा.”

वडील तसेच परत गेले. मग बैठकीने दोन ठराव केले. पहिला, मास्तरांचं चिंतन चालू असताना आदर म्हणून कोणीही पाणी प्यायचं नाही. दुसरा, तेवढ्या वेळात कूलर बंद ठेवायचा, म्हणजे सगळ्यांना प्रभूची तहान कळेल. दुसऱ्यावर महिला मंडळ उसळलं. शेवटी तडजोड झाली, कूलर चालू ठेवायचा पण त्याचा पाण्याचा पंप बंद करायचा. याने गरम वाऱ्याशिवाय काहीच मिळणार नाही, हे बैठकीत कोणाच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि सगळे दमले असतील.

घरच्या कूलरशी बाबांचं वैरच होतं. आई संध्याकाळी नळी लावून त्याची टाकी काठोकाठ भरायची आणि बाबा पलंगावरून बघत बसायचे. “पी लेका, पी,” ते कूलरला म्हणायचे. “तुझी किडनी चांगली आहे.” मला हसू यायचं. आईला यायचं नाही. थंडीत एकदा बाबांनी आंघोळीच्या वेळी बादलीतलं पाणी चोरून पोटभर प्यायलं होतं. दुसऱ्या दिवशी ते छातीत साचलं आणि त्यांना श्वास घेता येईना. ऑटोत त्यांचं डोकं आईच्या मांडीवर होतं, ओठ निळे पडले होते. त्या दिवसापासून ती न्हाणीघराच्या दारापाशी उभी राहायची. तेव्हापासूनच बाबा तिला वधस्तंभाखाली पहारा देणारा रोमी शिपाई म्हणू लागले.

पहिल्यांदा थट्टेत म्हणाले असतील. मग थट्टा राहिली नाही.

लेंटच्या, म्हणजे गुड फ्रायडेआधीच्या उपवासाच्या, दिवसांत त्यांची तालीम सुरू झाली. अंगणाकडच्या खोलीत उभं राहून, हात पसरून, शाळेच्या मैदानावरच्या आवाजात ते ओरडायचे, “मला तहान लागली आहे!” मग थांबायचे, आवाज नीट लागला नाही म्हणून पुन्हा ओरडायचे. आमच्या भिंतीला भिंत लागून काकूंचं घर आहे. काकू दर रविवारी विहारात जाणाऱ्या, गल्लीतला कुठलाही अन्याय सहन न करणाऱ्या. त्यांनी तीन-चार दिवस ऐकून घेतलं आणि मग पाण्याचा गुंड कमरेवर घेऊन त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या.

“काहून वं बाई,” त्या आईला म्हणाल्या, “काहून पाणी देऊन नाही राहिली त्याले? दुश्मनालेही पाणी पाजतात वं! तो माणूस सकाळ-दुपार बोंबलून राहिला!”

“ते भाषणाची तयारी करून राहिले,” आई म्हणाली.

“कोणतं भाषण? माणूस तहान तहान करते अन् तू भाषण म्हणतं?”

मी येशूपासून सुरुवात करून किडनीपर्यंत सगळं समजावलं. काकूंना येशूचं कळलं. त्यांना किडनीचंही कळलं. पण दोन्ही एकाच माणसात कसं, हे पटलं नाही. त्या गुंड परत घेऊन गेल्या खऱ्या, पण जरीपटक्याच्या बाजारापर्यंत बातमी पोचली की अमुक गल्लीत एक बाई नवऱ्याला पाणी देत नाही. भाजीवाली आईला म्हणाली, “काकडी घेऊन जा वं, पाणी नाही तर काकडी तरी दे त्याले.” काकडीही बंद होती. आई रिकामी पिशवी घेऊन घरी आली आणि त्यानंतर बाजाराला मला पाठवू लागली.

खरा घाव मात्र घरातला होता. चिंतनात बाबांनी शिपायांवर एक मोठा भाग बसवला होता. वधस्तंभाखाली उभं राहून ते कसे बघत राहिले, कोणाला दया आली नाही, हातात भांडं असून पाणी दिलं नाही. हे म्हणताना त्यांची नजर स्वयंपाकघराकडे जायची. आई एक दिवस भाकरी तव्यावर तशीच सोडून बाहेर आली.

“अजी,” ती म्हणाली, “घरात म्हणा काय म्हणायचं ते. पण सगळ्या मंडळीपुढे मले त्या शिपायांत उभं करू नका. मी येणारच नाही शुक्रवारी.”

“नको येऊस,” बाबा म्हणाले.

मला दोघांचाही राग आला. बाबांचा जास्त आला. येशूवर बोलायला निघालेला माणूस आणि बायकोशी असा वागतो! आणि खरं सांगायचं तर येशूचाही थोडा आला. आमच्या बैठकीच्या खोलीत त्याचं एक चित्र आहे, पांढरा झगा, इस्त्री केलेला, कपाळावर घामाचा थेंब नाही. नागपूरच्या एप्रिलमध्ये घाम न येणाऱ्याशी मनातलं बोलणं मला कधी जमलंच नव्हतं. तू या घरात हजर आहेस म्हणतात, मी त्याला म्हटलं, तर मग हे ऐकत काय बसलायस?

शुक्रवारी मी बाबांना घेऊन गेले. उद्गार ठरल्या क्रमाने चालले होते. अध्यक्षबाईंच्या सासूबाई खोकल्या, साहेब त्यांच्या वाक्याला रडले. मग बाबांचं नाव पुकारलं आणि वडीलमंडळींपैकी एकाने कूलरचा पंप गंभीरपणे बंद केला. क्षणभरात सगळ्यांच्या तोंडावर रखरखीत वारा येऊ लागला. वेदीवरचा कपडा फडफडला. समोरच्या पहिल्या बाकावर, वडीलमंडळींच्या मधोमध, काकू बसल्या होत्या. या माणसाचं चर्चमध्ये काय करतात ते स्वतः बघायला त्या आल्या होत्या, मांडीवर थंड पाण्याची मोठी बाटली घेऊन. कोणी त्यांना उठा म्हणायचं धाडस केलं नव्हतं.

मी मागे वळून पाहिलं तर शेवटच्या बाकावर, दाराजवळ, आई. पदर ओढून, पर्स छातीशी धरून, उठून जायच्या तयारीत.

बाबांनी सुरुवात जोरात केली. ऊन, खिळे, रक्त, कोरडी जीभ. मग ते शिपायांवर आले. “खाली उभे होते,” ते म्हणाले, “आणि बघत होते.” आईने पर्सचा बंद मुठीत धरला. पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते आलं नाही. बाबांची जीभ टाळूला चिकटली होती. त्यांनी ओठ हलवले, माईकमध्ये नुसता खरखर आवाज आला. ड्रिल मास्तरांचा आवाज असा संपलेला मी कधी ऐकला नव्हता.

काकू ताडकन उठल्या. “घ्या गा मास्तर!” त्यांनी बाटली पुढे केली. शेजारचे वडील कुजबुजले, “बाई, ठराव आहे.” काकू म्हणाल्या, “ठराव घाल चुलीत.”

बाबांनी बाटलीकडे पाहिलं. त्या नजरेत किती ओढ होती ते मला इथे लिहिता येणार नाही. हात उचलला असता तर बाटली हातात होती, आणि अख्ख्या चर्चमध्ये त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. त्यांनी हात उचलला नाही. मान वर करून ते सगळ्यांच्या डोक्यांवरून दाराकडे बघू लागले.

“अवं,” ते माईकमध्ये म्हणाले, “मले लय तहान लागली वं. देतं का थोडसं?”

आमच्या घरात बाबांनी पाणी कधी मागितलं नव्हतं. ते ‘पाणी!’ असं म्हणायचे आणि पाणी यायचं. आता सगळी मंडळी माना वळवून आईकडे बघत होती. ती उठली. मला वाटलं, बाहेर जाते. ती मधल्या वाटेने पुढे आली, काकूंच्या हातातून बाटली घेतली, तिचं झाकण भरलं आणि बाबांच्या ओठांना लावलं. मग आणखी एकदा भरलं. ज्या बाईने इतके महिने थेंबही वाया जाऊ दिला नव्हता तिने पुलपिटाच्या चौथऱ्यावर बरंच पाणी सांडलं.

बाबांनी तोंड पुसलं. समोरचे कागद उलटे करून ठेवले.

“मी शिपायांवर बोलणार होतो,” ते म्हणाले. “खूप लिहून आणलं होतं. पण आत्ता माझ्या ध्यानात आलं, प्रभू शिपायांबद्दल काही बोललाच नाही. पाणी कोणी दिलं नाही, कोणाची चूक, कोणाला दया नाही, असं काहीच नाही. त्याने फक्त तहान सांगितली. मी मात्र इतके दिवस तहान सांगतच नव्हतो. मी आळ घालत होतो. जी मला जगवते तिच्यावर. येशू माझ्याहून फार वेगळा आहे. एवढंच मला सांगायचं होतं.”

आणि ते खाली उतरले. काकू मोठ्याने म्हणाल्या, “आता कसं!” ठरलेल्या वेळातली बरीच मिनिटं शिल्लक होती, त्यामुळे बिल्डरभाऊंची तारांबळ उडाली. ते चष्मा शोधत वर गेले आणि म्हणाले की त्यांची तयारी अजून पूर्ण झालेली नाही. कोणी हसलं नाही. कूलरचा पंप चालू करायचं सगळे विसरून गेले होते आणि मी रडत होते. इस्त्रीच्या झग्यातला नाही, तर कोरड्या जिभेचा, कोणाला दोष न देता मागणारा येशू मला पहिल्यांदा जवळ वाटला, इतका जवळ की माझ्याच बाकावर सरकून बसावा.

संध्याकाळी बाबा पलंगावर टेकून बसले होते. आईने फ्रिजवरची बाटली काढून त्यांचं रोजचं पाणी कपात ओतलं, नेहमीइतकंच. बाबांनी कप हातात घेऊन बघितला. शिस्तीचा माणूस.

“यातून दुपारचं कापून घे वं,” ते म्हणाले. “डॉक्टर बोलतील.”

“दुपारचं मी मोजलं नाही,” आई म्हणाली.

 बाबांनी कप ओठांना लावला आणि हळूहळू, घोट घोट करत, सगळं पाणी संपवलं. आई तोवर शेजारी उभी होती, आणि त्या दिवशी ती पहारा देत नव्हती.